फूटरमधला नंबर

अनोळखी नंबर मी उचलत नाही. उचलत नसे, असं म्हणायला हवं आता. समुद्र दिसणारे प्लॉट विकणारे, विमावाले, "मॅडम, दोन मिनिटं आहेत का" म्हणणारे, हे सगळे माझ्याच मोबाईलवर टपून बसलेले असतात अशी माझी खात्री होती. आणि राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या अख्ख्या आळीला माहीत आहे. नाव दिसलं नाही की कापायचा. पुन्हा आला की पुन्हा कापायचा. तिसऱ्यांदा आला की ब्लॉक. माझा नवरा दीपक म्हणायचा, "दमयंती, एक दिवस यमाचा फोन येईल आणि तू त्यालाही ब्लॉक करशील." मी म्हणायचे, बरंच आहे की मग.

त्या गुरुवारी सकाळी साडेनऊला आलेला अनोळखी फोन मी उचलला, तो केवळ कुरिअरवाल्याची वाट बघत होते म्हणून.

"पिवळं घर, गेट उघडंच आहे, आत या," मी एका दमात सांगून टाकलं.

पलीकडे बाईचा आवाज होता, धाप लागलेला. "डॉक्टर, सापाची लस हाय ना तुमच्याकडं? आमच्या मामंजींना पायाला जनावर चावलंय."

"राँग नंबर," मी म्हटलं, आणि बोट लाल बटणाकडे नेलं.

"अहो, तुमच्या हॉस्पिटलच्या वेबसाईटवरनंच लावलाय. खाली हाच नंबर हाय." तिने हॉस्पिटलचं नाव घेतलं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही, कारण चूक त्यांची नव्हती. त्या हॉस्पिटलची वेबसाईट मी केलेली आहे. मी वेबसाईटच करते. घराच्या पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक पंखा आणि मी. होमस्टेवाले, आंबेवाले, एक मच्छीमार सोसायटी, आणि हे हॉस्पिटल. त्या बाईला मी म्हटलं, "एक मिनिट, ठेवू नका, कुठे आहात तुम्ही?" तिने गावाचं नाव सांगितलं. रिक्षा दाराशी उभी होती, फक्त लस आहे की नाही ते कळायला हवं होतं. मी म्हटलं, "निघा तुम्ही. रत्नागिरीकडे निघा. पाय हलवू देऊ नका त्यांना, काही बांधूबिंधू नका. मी हॉस्पिटलला सांगते." तिचं नाव विचारलं. ज्ञानेश्वरी.

मग माझ्या फायलीत असलेला हॉस्पिटलचा जुना नंबर लावला. तो दुसऱ्या रिंगला उचलला गेला. वेदिका सिस्टर होत्या. "लस आहे की. पाठवा," त्या म्हणाल्या, आणि जांभई देऊन पुढे म्हणाल्या, "या आठवड्यात कसं कोण जाणे, शांत आहे सगळं. ऐन भातकापणीत फोनच नाहीत."

ज्ञानेश्वरीला लस असल्याचं कळवलं, आणि खुर्चीत बसले.

काय झालं होतं ते सांगते. वेबसाईटला वर एक पट्टी असते आणि खाली एक. वरच्या पट्टीत नाव, चित्र, मेनू. तिला हेडर म्हणतात. खालच्या पट्टीत पत्ता, फोन. तो फूटर. या पट्ट्या कोणी प्रत्येक पेजवर वेगळ्या लिहीत बसत नाही. एका जागी बनवून ठेवायच्या, आणि सगळी पेजं त्या तिथून घेतात. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे ते. टाकीत जे पडेल ते न्हाणीच्या नळाला, स्वयंपाकघराच्या नळाला, मागच्या परसातल्या नळालाही येणार. हॉस्पिटलच्या वेबसाईटची पेजं एकशे बारा, आणि टाकी एकच.

आणि माझी एक सवय. माणसाने अजून नंबर दिला नसेल तर मी ती जागा रिकामी सोडत नाही, शून्यंही टाकत नाही. स्वतःचा मोबाईल नंबर टाकते. म्हणजे काय, की मोबाईलवर त्यावर बोट ठेवलं की खरोखर फोन लागतो की नाही ते तिथल्या तिथे तपासून घेता येतं. खरा नंबर आला की माझा काढायचा. बारा वर्षं मी असंच करते, आणि माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोरींना हे शिकवलंही आहे, मोठ्या ऐटीत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते माझ्यासारख्यांनाच.

हॉस्पिटलचे व्यवस्थापक शुभंकर यांना भातकापणी सुरू व्हायच्या आत सर्पदंशाचं एक पेज हवं होतं. "तातडीचा नंबर बदलतोय आमचा. सोमवारी देतो," ते म्हणाले. मी शनिवारी पेज केलं. खाली नवा फूटर कसा दिसेल ते त्यांना दाखवायचं होतं, म्हणून फूटर उघडला, माझा नंबर टाकला, लावून बघितला, वाजला. आता यातली मेख अशी, की मी फूटरची प्रत काढून त्यात बदल करायला हवा होता. मी मूळ फूटरच उघडला होता. टाकीतच हात घातला होता. तरीही तो बदल जतन होईपर्यंत कोणाला दिसला नसता. पण संध्याकाळी पावणेसहाला मी सर्पदंशाचं पेज प्रकाशित करायला बटण दाबलं, तेव्हा कॉम्प्युटरने विचारलं, या पेजबरोबर हेही बदललं आहे, जतन करू का? खाली दोन ओळी, दोन्हींपुढे आधीच खूण केलेली. दुसरी ओळ होती: फूटर. मी वाचलीच नाही. कोण वाचतं? मी हो म्हटलं आणि बांगडे तळायला गेले.

एवढंच नाही. त्याच दिवशी हेडरमध्ये मी एक लाल पट्टीही टाकली होती, सगळ्या पेजांवर, अगदी वर. वाक्य माझंच होतं, शुभंकरना फार आवडलं होतं. "साप चावला? निघण्याआधी फोन करा. आम्ही लस तयार ठेवतो."

म्हणजे डोक्यावर मी लिहिलं होतं, आधी फोन करा. आणि पायाशी माझा नंबर. आणि मी अनोळखी फोन उचलत नाही.

पहिलं काम केलं ते फूटर दुरुस्त करण्याचं. जुना नंबर टाकला, जतन केला, एकशे बारा पेजांवर तो एका झटक्यात बदलला. माझ्या मोबाईलवर पेज उघडून बघितलं तर खाली अजून मीच. मोबाईल कधीकधी जुनी प्रत धरून ठेवतो, हे मला माहीत आहे, मी लोकांना पैसे घेऊन हे समजावते, पण त्या क्षणी मी धावत जाऊन फूटर पुन्हा तपासला. पुसून पुन्हा उघडलं तेव्हा नीट दिसलं. लाल पट्टीही काढून टाकली. कॉम्प्युटरमध्ये कोणी काय कधी बदललं त्याची यादी असते, तीही डोळ्यांसमोर होती: फूटर, दमयंती, शनिवार, पाच त्रेचाळीस. ती ओळ काढता येते. मी त्या ओळीवर बाण नेऊन ठेवला होता. खोटं कशाला बोलू, नेला होता. कोणाला कळणार होतं? वेदिका सिस्टरना आठवडा शांत वाटत होता. शुभंकर सोमवारपासून नंबर द्यायचा विसरले होते. मग माझ्या मनात आलं की त्या ओळीखेरीज मला तरी कसं कळणार, नक्की किती वेळ कोणाचा जीव टांगणीला होता ते. मी बाण बाजूला घेतला.

आता मोबाईल उघडायचा होता, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. न घेतलेल्या फोनांची यादी. शनिवार पावणेसहापासून गुरुवारपर्यंत. मी चष्मा पुसला, पाणी प्यायले, देवासमोर हात जोडून आले. मग मोजले. अनोळखी नंबर तेरा.

एकेक लावायला लागले. पहिला लागला तर एक पोरगा म्हणाला, "मॅडम, गणपतीपुळ्याजवळ सी-व्ह्यू प्लॉट..." आयुष्यात पहिल्यांदा मला प्लॉटवाल्याचा आवाज ऐकून रडू आलं, इतकं बरं वाटलं. "देवा, तुझं भलं होवो," मी म्हटलं. तो गोंधळला. दुसरा विमावाला. तिसरी एक म्हातारी बाई, डोळ्यांचे डॉक्टर कधी असतात ते विचारत होती. तिला सांगितलं. चौथा कुरिअरवाला, तो चिडला होता. पाचवी एक मुलगी, नर्सच्या नोकरीबद्दल. असं करत करत बारा झाले. बारापैकी चार हॉस्पिटलसाठी होते आणि चारातला एकही सापाचा नव्हता. एका माणसाच्या पोराला ताप होता, त्याने सरळ गाडी काढून हॉस्पिटल गाठलं होतं. "तुम्ही लोक फोन उचलत नाही," तो म्हणाला. "चुकलं," मी म्हटलं. हा शब्द मला सहसा जमत नाही.

राहिला एक. तो यादीत तीनदाच होता, मंगळवारी, अकरा सात, अकरा आठ, अकरा दहा. तिसऱ्यानंतर नव्हता, कारण तिसऱ्यानंतर मी त्याला ब्लॉक केलं होतं.

ब्लॉक केलेल्यांची यादी वेगळी असते. ती उघडली. त्यानंतरही त्या नंबरवरून सात फोन आले होते. शेवटचा अकरा बेचाळीसला. दहा वेळा एकच माणूस मला फोन करत होता, आणि मला आठवलं की मी तेव्हा काय करत होते. शुभंकर समोर बसले होते आणि आम्ही दोघं हेडरचा निळा ठरवत होतो. समुद्राचा निळा घ्यावा की जरा गडद. "कोण एवढं मागे लागलंय?" त्यांनी विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, "प्लॉटवाले मेले," आणि आम्ही हसलो होतो.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तो नंबर मोकळा केला आणि लावला. फोन बंद होता. पुन्हा लावला. बंद. सिस्टरना फोन करून विचारलं, मंगळवारी कोणी सर्पदंशाचं आलं होतं का. नाही म्हणाल्या. नंबरावरून नाव शोधायच्या ॲपमध्ये तो टाकून बघितला, तर नाव आलं, "गंगाराम चिरे". चिरे म्हणजे आडनाव नव्हे, जांभ्या दगडाचे चिरे. आमच्या कंपाउंडला चिरे पुरवले त्या रितेशला फोन लावला. तो बांधकामवाला आहे, त्याला जिल्ह्यातली प्रत्येक चिरेखाण माहीत.

"गंगाराम ना? आहे की, ओळखतो," रितेश म्हणाला आणि गावाचं नाव सांगितलं. "पण आता त्याला फोन करू नका वहिनी. मंगळवारी त्याच्या बायकोला जनावर चावलं म्हणे. कापणीत. फुरसं होतं."

"कशी आहे ती?"

"ते काय माहीत नाही बुवा. वाईट झालं म्हणत होते लोक."

वाईट झालं, म्हणजे काय झालं? मी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं.

दीपक ऑफिसला गेला होता. त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, वकिलाशी बोलू, शुभंकरशी बोलू, घाईत काही करू नको, आणि त्याचं बरोबरच होतं. मला पोलीस दिसत होते, पेपरात नाव दिसत होतं, हॉस्पिटलचं काम गेलेलं दिसत होतं. हे सगळं खरं. पण या सगळ्याच्या वर एकच प्रश्न होता की ती बाई जिवंत आहे की नाही, आणि तो घेऊन मला त्या खोलीत बसवत नव्हतं. खाई त्याला खवखवे. स्कूटर काढली आणि निघाले.

तास-सव्वा तासाचा रस्ता. ऑक्टोबरचं ऊन, दोन्ही बाजूंना पिवळी शेतं, कुठे कापलेली, कुठे अर्धी. बायका वाकून कापत होत्या, हातात विळे, पायात काही नाही. दर वळणाला मला वाटत होतं, परत फिरावं. हायवे सोडून आत वळले, एका फाट्यावर थांबून गंगारामचं घर विचारलं. सांगणाऱ्या माणसाने आधी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, मग बोट दाखवलं. "कोण, डॉक्टर का?" मी मान हलवली, हो की नाही ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

चिऱ्यांचंच घर. अंगणात भाताचे भारे तसेच पडलेले, झोडायचे राहिलेले. गेटाशी स्कूटर लावताना माझी नजर सगळ्यात आधी ओटीवर गेली. माणूस गेलेल्या घरात जमिनीवर दिवा लावून ठेवतात, खाली पीठ पसरून. मी तो दिवा शोधत होते. दिवा नव्हता. मी ओटीचा कोपरा न् कोपरा बघितला. नव्हता.

एक म्हातारी बाई दारात आली. गंगारामची आई, आनंदीबाई. "कोण पायजे?"

"गंगाराम आहेत का?"

"वर खाणीवर हाय. काल आला तवापासनं खाली जेवायलापन येत न्हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमी कोण?"

"आणि सूनबाई?" मी विचारलं.

"चिमा? कोल्हापूरला नेली. किडण्या बंद पडल्यात म्हनत्यात. मशीन लावलंय."

मी पायरीवर बसले. जिवंत होती. मला इतकं हायसं वाटलं की त्याची लाज वाटली. तिच्या किडन्या बंद पडल्या होत्या आणि मला हायसं वाटत होतं. आनंदीबाईंनी पाणी आणून दिलं. तो तांब्या मी तसाच पायरीवर ठेवला.

खाण घरामागे चढावर होती, बंद पडलेली, तळाशी हिरवं पाणी. काठावर एक मोठा चिरा पडला होता आणि त्याच्या शेजारी गंगाराम बसला होता. चाळिशीचा, दाढी वाढलेली. मला बघून उठलाही नाही.

"पेपरवाल्या काय तुमी?"

"नाही. वेबसाईटवाली," मी म्हटलं. त्याला ते समजलं की नाही कोण जाणे. पण कालपासून त्याच्याशी कोणी धड बोललं नसावं, कारण तो आपणहून सांगायला लागला.

"इथंच बसली होती चिमा. त्या काजूखाली, पाय लांब करून. आमच्याकडं रेंज न्हाय. या चिऱ्यावर उभं राहिलं की दोन दांड्या येतात. म्हणून इथवर उचलून आणली. मोबाईलवर हॉस्पिटल काढलं. त्याच्यावर लिवलेलं, निघण्याआधी फोन करा. लावला. वाजायचा आनि तुटायचा. मग तर एकदा वाजायचा आनि लगेच बंद. मला वाटलं आमची रेंज तोडत्येय. इकडं उभा राहिलो, तिकडं राहिलो. रिक्षावाला खाली थांबलेला. तो म्हणत होता, चल बाबा, फाट्यावर जाऊन बघू कुठं जायचं ते. मीच म्हटलं, थांब, आत्ता उचलतील. लस नसली तर रत्नागिरीला जाऊन काय करू, उलटा जाईन की." त्याने हाताने तोंड झाकलं, मग काढलं. "शिकलेली मानसं लिवतात ती काय उगाच लिवतात? म्हणून थांबलो. अर्धा तास थांबलो. पस्तीस मिनिटं. मग एका दवाखान्यात नेली, तिथनं दुसरीकडं, तिथनं कोल्हापूर. डॉक्टर म्हनले, जरा आधी आणायची होतीत."

मी त्या काजूखालच्या जागेकडे बघितलं.

"तिचा भाऊ आला मुंबईवरनं. बाबल्या. तोच हाय तिच्याजवळ. तो म्हणाला, तू थांबवलीस तिला. तू मारलीस. कोल्हापूरला पुन्हा दिसलास तर तंगडी मोडीन. त्याचंबी बरोबरच हाय. गावातनं फोन येतात, का थांबलास, का थांबलास. म्हणून फोन बंद करून ठेवलाय." त्याने खिशातला बंद मोबाईल दाखवला. "शुद्धीवर हाय ती. मला विचारते की न्हाय, कुनी सांगत न्हाय."

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या माणसाने मला सुटायची वाट स्वतःच्या हाताने करून दिली होती. रेंज. कोकणात रेंज नसते, यावर कोणाचं दुमत आहे? मी म्हटलं असतं, हो हो, रेंजचाच घोळ, काळजी घ्या, आणि स्कूटरला किक मारून निघाले असते. रेंजला कोण तुरुंगात टाकतंय? माझ्या डोक्यात ते वाक्य तयार होतं. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. खाणीच्या काठावर मी एकटी बाई, समोर ज्याच्या बायकोच्या किडन्या गेल्या तो माणूस, खाली तीस फूट पाणी.

पण त्याने "शिकलेली मानसं लिवतात" म्हटलं होतं, आणि ते लिहिणारी मी होते.

"रेंजचा दोष नव्हता," मी म्हटलं. "फोन लागत होता. प्रत्येक वेळी लागला. तो नंबर हॉस्पिटलचा नव्हता, माझा होता. माझ्या चुकीने तिथे गेला. तुम्ही पहिल्या तीन वेळा लावलात ते मी कापले. मग तुमचा नंबर बंद करून टाकला. पुढचे सात मला वाजलेच नाहीत. आणि ते वर लिहिलेलं, आधी फोन करा, तेही मीच लिहिलं होतं." मग मोबाईल काढून त्याला यादी दाखवली. अकरा सात, अकरा आठ, अकरा दहा.

त्याने ती यादी खूप वेळ बघितली. बोटाने खालीवर केली.

"लागत होता?"

"हो."

"म्हणजे मी वेड्यासारखा नव्हतो थांबलो."

"नाही."

"तुमी कापत होतात."

"हो."

तो उभा राहिला. मी दोन पावलं मागे सरकले, पाय चिऱ्याला लागला. त्याने मला मारलं असतं तरी मी ओरडले नसते. पण त्याने आपला मोबाईल चालू केला. दोन दांड्यांसाठी तो चिऱ्यावर चढला, एक नंबर लावला, कानाला धरला, आणि लगेच खाली घेतला. "कापला बाबल्याने," तो म्हणाला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. मग माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज अगदी शांत होता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

"तुमच्या फोनवरनं लावा. माझा तो उचलनार न्हाय. आता मला सांगितलंत ते त्याला सांगा. आनि त्याला म्हनावं, चिमाच्या कानाला फोन लाव, तिलाबी सांगा."

मी चिऱ्यावर चढले. त्याने नंबर सांगितला, मी लावला. समोर शेत दिसत होतं, अर्धं कापलेलं, तिचा विळा बहुतेक तिथेच कुठेतरी पडलेला असणार. रिंग वाजली. एकदा, दोनदा. कापला.

पुन्हा लावला. कापला.

मी त्याच्यासाठी अनोळखी नंबर होते. हॉस्पिटलच्या दारात उभा असलेला, बहिणीची काळजी करणारा माणूस, त्याला कशाला कोणाचा फोन हवा असेल. तिसऱ्यांदा लावताना मला धास्ती वाटली, कारण तिसऱ्यानंतर मी स्वतः काय करते ते मला माहीत होतं. तिसऱ्यांदाही कापला. गंगाराम खाली उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"थांबू नका," तो म्हणाला. "मी धा वेळा लावला होता."

चौथ्यांदा लावला. रिंग वाजायला लागली. वाजत राहिली. मग कोणीतरी उचलला आणि पलीकडून माणसांचा गलका आला, आणि एक खेकसलेला आवाज. "कोन हाय? सारखा सारखा काय लावलाय?"

"माझं नाव दमयंती," मी म्हटलं. "मंगळवारी गंगारामने फोन केले होते ते मी कापले. तो उगाच थांबला नव्हता. मी सगळं सांगते, पण तुमच्या पाया पडते, फोन कापू नका."